अर्ध्या पेट्रोलची फटफटी

त्या दिवशी सकाळी बापू अंगणात दगड निवडत होते. एक उचलायचा, तळहातावर तोलायचा, नाक मुरडून टाकून द्यायचा आणि दुसरा घ्यायचा. तो आमच्या घरचा शेवटचा साधा दिवस होता. हे कुणाला माहीत असतं तर चहा थंड झाल्यावरून याडीने त्यांना एवढं बोलून घेतलं नसतं. याडी म्हणजे आई. आमच्या तांड्यात आईला याडीच म्हणतात. मी शिकवते त्या शाळेतल्या इतर बाई त्यावर हसतात, आणि मी हसू देते.

"साहेबाले घेऊन जाऊन राह्यले का गोट्याले?" याडीने दारातून विचारलं.

"दोघाले," बापू म्हणाले. "डाव्या गोणीत फिरतीचे कागद आहेत. उजव्या गोणीत तेवढंच वजन पाहिजे."

"बापू, दगडाने वजन वाढतं," मी म्हणाले. हे मी वर्षभर म्हणत होते. "वजन वाढलं की पेट्रोल जास्त लागतं."

"वजन वेगळं, तोल वेगळा," ते म्हणाले. हेही ते वर्षभर म्हणत होते.

त्या दिवशी त्यांच्या फटफटीची सरकारी परीक्षा होती. तीत ते नापास झाले असते, तर त्यांच्या सगळ्या नोकरीवर 'खोटी फिरती लावणारा' असा शेरा बसला असता. आमच्या लोकांना खोटं म्हणायला पूर्वी कुणाला कागद लागत नसे. बापूंनी आयुष्यभर जपलं होतं ते एवढंच, की असा कागद कधी तयार होऊ नये. आणि आता तो तयार होत आला होता, तोही पेट्रोल वाचवल्याबद्दल.

सुरुवात एका पत्रकाने झाली. लढाई संपून काही महिने झाले होते, पेट्रोलची टंचाई होती, आणि बापू नोकरीला होते त्या मारेगावच्या पंचायत समितीत वरून पत्रक आलं की मोटारसायकलवाल्या अधिकाऱ्यांनी इंधनाची बचत करावी. बाकीच्या अधिकाऱ्यांनी ते वाचून सही केली, आणि अशा पत्रकाचं तेवढंच करायचं असतं. बापूंनी ते वाचलं आणि मनावर घेतलं.

मारेगावात पेट्रोलचा पंप नव्हता. देवीलाल किराणावाला बसवरून डबे मागवायचा आणि गुळाच्या ढेपांपासून हातभर दूर ठेवायचा. पहिला सल्ला त्याचाच. "अमरसिंगजी, टाकीत डांबरगोळ्या टाका. गाडी दुप्पट पळते." बापूंनी दोन टाकल्या. गाडी दुप्पट पळाली नाही. पण आठवडाभर बापू जिथे जातील तिथे लोकांना घरातल्या कपड्यांच्या पेट्या उघडल्यासारखं वाटे. दुसरा सल्ला पूनमसिंगकाकांचा. हे बापूंचे चुलतभाऊ, आमच्या शेजारीच राहतात. फटफटीविषयी त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांच्या सल्ल्यात खंड नसे.

"ह्ये जनावर बापजाद्याच्या रीतीनं हाक," ते म्हणाले. "आपला आजा बैलाच्या पाठीवर मीठ लादून कुठं कुठं गेलता. त्यानं कधी बैल थकू देला का?"

काकांनी बोलायचं म्हणून बोललं असावं. पण बापू गप्प झाले, आणि बापू गप्प झाले की मला धडकी भरत असे.

आमचे पूर्वज बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवत. त्या व्यापाराला आम्ही लदेणी म्हणतो. आगगाडी आली आणि लदेणी बुडाली. घरात उरली ती खुंटीवरची एक पितळी घंटा, कळपातल्या पुढच्या बैलाच्या गळ्यातली. बापूंनी लदेणी पाहिली नव्हती, ऐकली होती. आणि ऐकलेल्या गोष्टीवर माणसाचा विश्वास पाहिलेल्यापेक्षा घट्ट बसतो.

तेव्हापासून आमची फटफटी बैल झाली. बैलाला चाबूक लावायचा नाही, म्हणून एकाच संथ चालीने जायचं. त्या चालीत आठवीतल्या मुली सायकलवरून आम्हाला मागे टाकत, आणि टाकताना "नमस्ते, बाई" म्हणत. मी गंभीरपणे मान हलवी. बैलाला उन्हात बांधायचं नाही, म्हणून कचेरीतल्या लिंबाची सावली सरकली की बापू फटफटी सरकवत. बैठक चालू असली तरी उठत. साहेबांनी "अमरसिंग कुठे आहेत?" विचारलं की शिपाई सांगे, "सावलीले गेले जी." बैलाचे खूर ठणठणीत पाहिजेत, म्हणून चाकांत हवा अशी ठासून भरली की रस्त्यावरचा प्रत्येक खडा मला वैयक्तिक ओळखू लागला. चढावर बैलावर कुणी बसत नाही, म्हणून तांडा आणि मारेगाव यांच्या मध्ये जो बरड, म्हणजे खडकाळ टेकाड, आहे, त्याच्या पायथ्याशी मी उतरायची आणि पदर खोचून मागून चालायची. शाळेत पोचेपर्यंत माझ्या साडीचा रंग कुठला होता, हे मलाच आठवून पाहावं लागे.

आणि उतारावर बैल हाकत नाहीत. बरडाच्या माथ्यावर मी पुन्हा मागे बसले की बापू इंजिन बंद करत.

ज्यांनी हे अनुभवलं नाही त्यांना सांगायला हवं. फटफटीचा आवाज असतो तोवर माणसाला वाटतं, कुणीतरी काम करतंय. तो थांबला की फक्त वारा उरतो, आणि आपण खाली जात असतो. उतार लांब होता, मध्ये दोन वळणं, शेवटी नाला, नाल्यावर कठडे नसलेला पूल. मी स्वभावाने भित्री आहे. शिवाय पुस्तकं फार वाचलेली, त्यामुळे माझ्या भीतीला तपशील कमी पडत नाहीत. पहिल्या वळणाला मी मनातल्या मनात आमच्या दोघांच्या निधनाची बातमी लिहून काढत असे, आणि दुसऱ्याला तिच्यातलं शुद्धलेखन तपासत असे.

तिथे बापू दर वेळी मान न वळवता विचारायचे, "मानी, भेव तं नाही वाटून राह्यलं?"

"नाही," मी म्हणायची. मी शिकलेली होते. त्यांच्या घरातली पहिली पदवीधर होते.

त्यात घंटेची भर पडली. भोंगा बॅटरीवर चालतो, बॅटरी इंजिनावर, इंजिन पेट्रोलवर, असा हिशेब मांडून बापूंनी भोंगा काढला आणि खुंटीवरची घंटा हँडलला बांधली. इंजिन बंद असलं तरी ती वाजायची. संध्याकाळी त्यांना फिरतीवरून यायला उशीर झाला की याडी चुलीपुढे आणि मी ओट्यावर, दोघी तिचा आवाज ऐकायला बसायचो. बरडाच्या तांड्याकडच्या उतारावर ती वाजली की याडी तव्यावर भाकर टाकायची.

असं वर्ष गेलं आणि बापूंचं पेट्रोल निम्म्यावर आलं. त्यांनी मोठ्या अभिमानाने तसं कळवलं. त्यावर बक्षीस येईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती, पण 'उत्तम' असा एखादा शब्द येईल असं वाटत असावं. आली ती नोटीस. तिची भाषा मला अजून पाठ आहे: 'ज्या अर्थी आपला पेट्रोलचा खप निम्म्यावर आला आहे, त्या अर्थी आपली फिरतीही निम्म्यावर आली असल्याचे दिसून येते. सबब न केलेली फिरती केली म्हणून दाखविल्याबद्दल खुलासा करावा.'

बापूंनी खुलासा लिहिला. तो परत आला, कारण त्यात बैलांचा उल्लेख होता आणि विषय मोटारसायकल होता. दुसरा लिहिला. तो परत आला, कारण त्यात बैलांचा उल्लेख नव्हता आणि पहिल्याशी विसंगत होता. बापूंचं जेवण कमी झालं. रात्री ते छातीवर हात ठेवून खाटेवर पडून राहत. याडीने विचारलं तर म्हणत, "पित्त झालं." आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला पित्त म्हटलं.

शेवटी गटविकास अधिकारी वामनराव साहेबांनी तोडगा काढला. ते पुण्याकडचे, देहाने भरदार, मनाने सरळ. ते स्वतः फटफटीवर मागे बसून फिरतीच्या गावांना जाणार. ठरावीक पेट्रोल टाकीत घालून सील करणार. परत आल्यावर उरलेलं मोजणार. देखरेखीसाठी मागून कचेरीची जीप. अर्जदाराच्या बाजूचा एक साक्षर साक्षीदार लागतो, तर ती मी. पेट्रोल वाचतं की नाही हे पाहायला दिवसभर जीप पळवायची, यातली गंमत माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आली असेल असं वाटत नाही. आणि मला त्या दिवशी हसू येत नव्हतं.

तर दगड निवडून झाला. याडीने थंड चहा पुन्हा गरम केला, बापूंनी तो उभ्यानेच घेतला, आणि आम्ही निघालो.

कचेरीपुढे देवीलाल डबा घेऊन हजर होता. पेट्रोल ओतलं गेलं. मग डोमाजी हेडक्लार्कनी टाकीच्या झाकणावर सुतळी गुंडाळली, खिशातून लाखेची कांडी काढली, आणि दुसऱ्या खिशातून मेणबत्ती.

"बाबू, ह्ये काय करून राह्यले?" देवीलालचा आवाज चिरकला.

"सील. नियम आहे."

"टाकीवर?"

"मग काय तुमच्या डोक्यावर?" डोमाजींनी काडी ओढली. देवीलाल डबा छातीशी धरून जो पळाला तो थेट बाजाराच्या टोकाला दिसला. बापूंनी फुंकर मारून काडी विझवली. दुसरी काडी मी विझवली. तिसरी काढण्याआधी साहेबांनी पेटीच काढून घेतली. अखेर खळ लावून कागद चिकटवला आणि त्यावर तीन सह्या झाल्या. त्यातली माझी इतकी थरथरली होती की ती पुढे मलाच खोटी वाटली.

सकाळची गावं बरी गेली. त्या त्या गावच्या सरपंचांनी बापूंना ओळखलं, "परवाच तं आलते जी," असं साहेबांना सांगितलं. साहेबांचा चेहरा मऊ होत गेला, अंग मात्र अवघडत गेलं. दुपारी परतताना आम्ही तांड्यावरून बरडाच्या पायथ्याशी आलो. तिथे बापू थांबले.

"साहेब, उतरा जी."

"का? पोचलो?"

"चढ आहे. चढावर कोणी बसत नाही."

वामनराव साहेबांनी त्या चढाकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, मग जीपकडे पाहिलं. पण ते शब्दाचे पक्के होते. रुमाल डोक्यावर टाकून ते चालू लागले. पुढे संथ फटफटी, मागे साहेब, त्यांच्या मागे चालण्याच्या वेगाने घरघरत जीप. जीपचा ड्रायव्हर श्रावण दर वळणाला म्हणे, "बाई, इंजिन तापून राह्यलं," आणि मी म्हणे, "हो." माथ्यावर जीप दोनदा खोकली आणि गप्प झाली.

"काय झालं?" साहेबांनी धापा टाकत विचारलं.

"पेट्रोल संपलं साहेब," श्रावण म्हणाला.

साहेबांनी डोक्यावरचा रुमाल काढून पिळला. मग बापू हळूच म्हणाले, "चिंता नाही जी. उतारच आहे."

अशा रीतीने आम्ही निघालो. पुढे इंजिन बंद केलेली फटफटी, तिच्यावर बापू आणि साहेब. मागे इंजिन संपलेली जीप, तिच्यात श्रावण, डोमाजी आणि मी. आवाज फक्त घंटेचा. बाजाराचा दिवस होता, रस्त्यावर विकायला नेत असलेली जनावरं होती. घंटेचा आवाज आला तसे एका म्हाताऱ्या बैलाने कान टवकारले. फटफटी पुढे गेली. बैल तिच्यामागे चालू लागला. मग पळू लागला. मग त्याच्यामागे दुसरा, मग गाई, मग एक वासरू, आणि त्यांच्या मागे दोऱ्या हातातून निसटलेले त्यांचे मालक. जीपच्या दोन्ही बाजूंनी शिंगंच शिंगं. ब्रेक दाबावा तर मागचा बैल जीपमध्ये येणार, सोडावा तर पुढचे साहेब जाणार. श्रावण देवाचं नाव घेऊ लागला, आणि डोमाजी पोटाशी कागद धरून जीपच्या तळाशी बसले.

वळणावर, त्या सगळ्या टापांच्या वर, मला बापूंचा नेहमीचा शांत आवाज ऐकू आला.

"साहेब, भेव तं नाही वाटून राह्यलं?"

"वाटतंय!" वामनराव साहेब ओरडले. "फार भीती वाटतेय! अहो अमरसिंग, फार वाटतेय!"

मी आयुष्यात इतकं मोकळं वाक्य ऐकलं नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटला.

"मंग मले घट्ट धरा," बापू म्हणाले, आणि त्यांनी वेग कमी केला. इतकं सोपं होतं ते. साहेबांनी बापूंच्या पोटाभोवती दोन्ही हात घातले. तसेच ते दोघं पुलावरून आणि बाजारातून कचेरीच्या मैदानात शिरले. पूनमसिंगकाका बाजारात मिरच्या घेत होते. घंटा ऐकून ते उठले. पुढे फटफटी, मागे गुरं, असा आख्खा लवाजमा बघून त्यांनी मिरच्या खाली ठेवल्या आणि हात जोडले. नंतर ते म्हणाले, धूळ डोळ्यात गेलती.

जीप बाजाराच्या तोंडाशीच थांबली होती. ती आडवी, मागे गाड्या, गुरं, शिव्या. बापू फटफटी घेऊन परत आले आणि ते थांबवायला मला सुचण्याआधी त्यांनी कागदाचं सील फाडून आपल्या टाकीतलं पेट्रोल जीपमध्ये ओतलं. रस्ता मोकळा झाला. सगळे कचेरीत पोचल्यावर डोमाजी माप घेऊन आले.

"उरलेलं पेट्रोल?"

"जीपमंदी," बापू म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांना समजलं.

"मग मोजू काय? पुरावा तर जीपने पिला." डोमाजींनी लेखणी थांबवली. बापू उभे होते तसेच उभे राहिले. त्यांचा हात छातीकडे गेला आणि खाली आला. मी साक्षीदार होते. मला काहीतरी बोलायचं होतं. माझ्या तोंडातून हवासुद्धा निघाली नाही.

"डोमाजी," साहेब म्हणाले. ते उतरले होते तिथेच, मैदानात, कंबर धरून उभे होते. "लिहा. जीपमध्ये ओतण्याएवढं उरलं होतं. आणि फिरती? प्रत्येक गाव माझ्या कमरेत आहे. लिहा, फिरती खरी. माणूस खरा. पुढचं लिहू नका, पण यापुढे मी जीपने जाईन."

ते लिहिलं गेलं. शिक्का बसला.

परत जाताना टाकीत जेमतेम होतं. चढावर मी चालले, बापूही उतरून फटफटी ढकलत चालले. मध्ये ते दोनदा थांबले. "पित्त," म्हणाले. माथ्यावर बसलो. ऊन उतरलं होतं आणि खाली तांड्यावर चुलींचा धूर निघत होता. इंजिन बंदच होतं.

"मानी, भेव तं नाही वाटून राह्यलं?"

"नाही, बापू."

खाली घंटा पोचली असावी. आम्ही आलो तेव्हा भाकर तव्यावर होती. बापू पोटभर जेवले.

सकाळी ते उठले नाहीत. याडी चहा घेऊन गेली होती. त्या दिवशीही तो थंड झाला.

त्यानंतर फटफटी महिनाभर अंगणात उभी होती. याडी म्हणाली, "ते दिसलं का मले वाटते आता येतीन. पाठवून दे." वणीचा माझा चुलतभाऊ ती न्यायला तयार होता, पण ट्रक तांड्यापर्यंत येत नाही, मारेगावात आणून द्या, म्हणाला. तांड्यात ती कुणालाच चालवता येत नव्हती. पूनमसिंगकाकांनी तिला दोर बांधला, आपली बैलजोडी जुंपली आणि बरडाच्या माथ्यापर्यंत ओढत नेली. मी हँडल धरून बाजूने चालले. प्रत्येक पावलाला घंटा वाजत होती. तिच्यात कापड कोंबावं असं मला वाटलं, आणि मी कोंबलं नाही.

माथ्यावर काकांनी दोर सोडला. "आता? बैलामांगं बांधून तं उतरवता येत नाही. मांगून बैलाच्या पायात जाईन."

"मी नेते," मी म्हणाले.

"तुले येते?"

इंजिन सुरू कसं करायचं, गिअर कसा टाकायचा, हे मला माहीत नव्हतं. पण बापूंच्या चालवण्यातला अर्धा भाग बिनइंजिनाचा होता, आणि तो मी वर्षभर त्यांच्या खांद्यावरून पाहिला होता. ब्रेक कुठला, पाय कुठे, वळणावर अंग किती झुकवायचं. मी पदर खोचला. उजवी गोणी चाचपली. त्यांचा दगड अजून तिथेच होता. डाव्या गोणीत मी माझी पुस्तकं घातली आणि दोन्ही हातांनी तोलून पाहिलं. थोडं कमी पडत होतं. आणखी एक पुस्तक घातलं.

"छोरी, जपून जाय," काका म्हणाले.

फटफटी हलली. आवाज काहीच नव्हता, फक्त वारा आणि घंटा. पहिलं वळण आलं. पुढे खांदा नव्हता. नुसता रस्ता होता, आणि तो माझ्याकडे येत होता. कुणी विचारलं नव्हतं. मी ब्रेकवर पाय ठेवला, वेग कमी केला आणि मोठ्याने, त्या रिकाम्या उतारावर स्वच्छ ऐकू जाईल असं म्हणाले,

"हाव, बापू. भेव वाटते. मले लय भेव वाटते."